मुतखडा आणि महासाथ : थांबावे कधी, धावावे कधी?

२०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाची साथ आपल्याकडे पसरू लागली, तेव्हा पुढे ढकलता येतील अशा शस्त्रक्रिया थांबवाव्यात, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च रोजी रुग्णालयांना दिली. पाठोपाठ २५ मार्चपासून टाळेबंदी आली. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांच्याबरोबर मुतखड्याच्या बहुतेक शस्त्रक्रियाही या यादीत गेल्या. मे महिन्यात तर महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या. खाटा, प्राणवायू, भूलतज्ज्ञ, परिचारिका हे सारेच करोनाच्या रुग्णांसाठी लागत होते. त्यामुळे हा निर्णय त्या वेळी अपरिहार्य होता.

मात्र मुतखडा हा मोतीबिंदूसारखा सदैव धीराने थांबणारा आजार नव्हे. काही खडे महिनोन्‌महिने निमूट बसून राहतात, तर काही दोन दिवसांत जिवावर उठतात. हा फरक ओळखता येणे साथीच्या काळात फार मोलाचे ठरले, आणि तो वाचकांनी आजही ध्यानात ठेवावा असा आहे.

थांबू शकणारे खडे

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतांशी आपोआप लघवीवाटे पडून जातात. त्यासाठी चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. मूत्रपिंडातच असलेला, अडथळा न करणारा खडाही देखरेखीखाली ठेवता येतो. साथीच्या काळात अशा रुग्णांना वेदनाशामक औषधे, पुरेसे पाणी आणि दूरध्वनीवरून सल्ला एवढ्यावर सांभाळण्यात आले. दूरध्वनीवरून वा चित्रफितीद्वारे रुग्ण कसे पाहावेत, याची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजीच प्रसिद्ध झाल्याने आम्हा सामान्य वैद्यकांचीही मोठी सोय झाली. तरीही दूरध्वनीवरून पोट चाचपून पाहता येत नाही, ही मर्यादा उरतेच.

न थांबणारे खडे

खडा मूत्रवाहिनीत अडकला, वरची लघवी तुंबली आणि तीत जंतुसंसर्ग झाला, की ती खरी आणीबाणी. अशा रुग्णांसाठी टाळेबंदीतही रुग्णालयांची दारे उघडी होती. अडचण होती ती रुग्ण दारापर्यंत न पोहोचण्याची.

माझ्याकडे नेहमी येणारे एक बहात्तर वर्षांचे मधुमेही गृहस्थ त्या काळात कुशीत कळा येऊनही घरीच थांबले. तिसऱ्या दिवशी वेदना थांबली. खडा पडला असे समजून घरच्यांना हायसे वाटले. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पण ताप म्हटले की विलगीकरणात नेतील, या भीतीने तो कुणाला सांगितला नाही. सहाव्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले, तेव्हा सूनबाईंनी दूरध्वनी केला. रुग्णालयात स्थानिक भूल देऊन पाठीतून मूत्रपिंडात नळी घातली, साचलेला पू बाहेर काढला आणि प्राण वाचले. खडा काढण्याची शस्त्रक्रिया नंतर सवडीने झाली. त्यांचे क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या पातळीवर पुन्हा आले नाही.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वेदना थांबली म्हणजे खडा पडला, असे गृहीत धरू नये. अडथळा तसाच असताना दुखणे शमते आणि मूत्रपिंड मात्र आतल्या आत खराब होत राहते. खडा खरोखर पडला की नाही, हे सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनवरून ठरवावे. दुसरे, वृद्धांमध्ये जंतुसंसर्गाची चाहूल कित्येकदा ताप न येताही लागते. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, रक्तदाब घसरणे ही लक्षणे वयोमानावर ढकलू नयेत.

विसरलेली नळी

अडथळा दूर करण्यासाठी पुष्कळदा मूत्रवाहिनीत ‘डी. जे. स्टेंट’ नावाची बारीक नळी ठेवतात. ती तात्पुरती असते. साधारणपणे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांच्या सुमारास ती काढावी किंवा बदलावी लागते. साथीच्या काळात तारखा पुढे गेल्या, आणि त्रास होत नाही म्हणून काहींनी ती नळी पुढेही तशीच राहू दिली. फार काळ राहिलेल्या नळीवर क्षारांचे थर बसतात, तिच्याभोवती नवे खडे होतात आणि मग ती काढणे हीच एक मोठी शस्त्रक्रिया होऊन बसते. घरातील ज्येष्ठांवर पूर्वी मुतखड्याचे उपचार झाले असतील, तर त्यांचे डिस्चार्ज कार्ड आज एकदा काढून पाहावे. नळी घातल्याची नोंद असेल आणि काढल्याची नसेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांना अवश्य भेटावे.

घरी काय सांभाळावे?

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. डायक्लोफिनॅकसारखी औषधे मुतखड्याच्या कळांवर उत्तम असली, तरी मूत्रपिंड अशक्त असलेल्या वृद्धांना ती अपाय करू शकतात. टॅम्सुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर क्षणभर बसावे. रक्त पातळ करणारी औषधे खड्यासाठी परस्पर बंद करू नयेत. कुळथाचे कढण अवश्य प्यावे, पण अडकलेला मोठा खडा त्याने विरघळेल या आशेवर दिवस घालवू नयेत. दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात जावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मीठ कमी करावे. दूध बंद करण्याची गरज नाही.

साठीनंतर आयुष्यात प्रथमच कुशीत वा पाठीत तीव्र कळ आली, तर ती मुतखड्याचीच आहे असे घरी ठरवू नये. पोटातील महारोहिणी फुगल्यानेही अशीच कळ येते आणि तिथे मिनिटांना महत्त्व असते.

तातडीने निघा

थंडी वाजून ताप येणे, लघवी बंद होणे, औषधानेही न थांबणारी वेदना किंवा उलट्या, अचानक बुद्धिभ्रम, किंवा एकच मूत्रपिंड कार्यरत असताना कुशीत दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. साथ असो, संप असो वा पूर, अशा रुग्णाला घरी ठेवण्यातला धोका रुग्णालयात जाण्यातल्या धोक्याहून मोठा असतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात मूत्ररोगतज्ज्ञ आहेत, हे आजच विचारून दूरध्वनी क्रमांकासह कागदावर लिहून ठेवावे आणि तो कागद जुन्या तपासण्यांच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावावा.