ग्राहकाचा विश्वास आणि घराचा पडदा

रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांतून व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरू लागतात. कुणी हाताच्या शेवया करते, कुणी नानखटाई, कुणी अबाया शिवून देते. घर सांभाळून चार हलाल पैसे मिळावेत, मुलांची फी निघावी, एवढीच त्या भगिनींची अपेक्षा असते.

ओळखीपाळखीत हे सुरळीत चालते. अडचण येते ती अनोळखी ग्राहक आल्यावर. तो विचारतो, "तुम्ही कोण? पैसे पाठवले आणि माल आलाच नाही तर?" हा प्रश्न चुकीचा नाही. फसवणुकीच्या बातम्या आपणही वाचतो. पण त्याची खात्री पटवता पटवता घरचा पत्ता, स्वतःचा फोटो, कधी आधारकार्डसुद्धा परक्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसते. मग रात्री अकरा वाजता फोन येतात, नको ते मेसेज येतात. घरचे म्हणतात, "बंद कर हे सगळे." मेहनतीने उभे केलेले काम असे थांबते.

आम्हाला वाटते, इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ग्राहकाचा हक्क मालाची खरी माहिती, ठरलेला भाव आणि तक्रारीची दाद यांवर आहे. आपल्या घरावर नाही.

दीनने दोन्ही बाजू स्पष्ट केल्या आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे विचारून त्यांनी फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. (सहीह मुस्लिम) म्हणजे मालातला दोष लपवायला परवानगी नाही. दुसरीकडे, परवानगी व सलामशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नका, अशी सूरह नूरची (२४:२७) आज्ञा आहे, आणि सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) दुसऱ्याची गुपिते शोधण्यास मनाई आहे. माल उघडा असावा, घर झाकलेले असावे.

ह. खदीजा (रजि.) मक्केत राहून शामकडे व्यापारी माल पाठवत. माल घेऊन इतर लोक जात. त्यासाठी त्यांनी सचोटीसाठी ओळखला जाणारा माणूस निवडला, ज्याला लोक अल-अमीन म्हणत. व्यापार चालला तो अमानतीवर.

मग आज काय करावे? धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यावा आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करावे. त्यात मालाची यादी, भाव आणि कामाची वेळ लिहिता येते. वेळेबाहेरच्या मेसेजला आपोआप उत्तरही जाते. यूपीआय आयडीत आपला खासगी मोबाइल नंबर असेल तर तो बदलून घ्यावा. कुणी ओळखीसाठी आधारकार्ड मागितले तर नम्रपणे नकार द्यावा. त्याऐवजी अर्धी रक्कम आधी आणि अर्धी माल मिळाल्यावर, असे सुचवावे. फोटो मालाचा खरा काढावा, आपला किंवा मुलींचा नको. कापडाचा रंग फोटोत वेगळा दिसत असेल तर तसे लिहावे. परतीची अट आधीच सांगावी.

मात्र पडदा ही कायदा चुकवण्याची सबब नव्हे. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक ग्राहकाला संकेतस्थळावर तपासता येतो. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ताही लागतो. तो विकत घेणाऱ्याला मिळावाच, पण म्हणून रोजच्या स्टेटसवर टाकायची गरज नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियमही ऑनलाइन विक्रेत्याकडून नाव, पत्ता आणि तक्रारीची सोय मागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हावे, असे ते सांगतात. कपडे-अत्तरासारख्या व्यवसायासाठी पती, भाऊ यांचे दुकान असेल तर त्यांच्या संमतीने तोच पत्ता व्यवसायाचा म्हणून ठेवावा आणि तिथूनच व्यवहार करावा.

आता दुसरी बाजू. ग्राहकाचा नंबर आणि पत्ता आपल्याकडे अमानत आहे. "बघा, ताईंना माल किती आवडला" म्हणून चॅटचा स्क्रीनशॉट स्टेटसला लावतो, तेव्हा त्या ताईंचे नाव, फोटो, नंबर सगळ्यांना दिसतो. त्यांना विचारावे, आणि होकार मिळाला तरी नंबर झाकावा. ग्राहकांचा ग्रुप केला की एकीचा नंबर सगळ्यांकडे जातो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तसे होत नाही. ऑर्डर पूर्ण झाली, तक्रारीची मुदत संपली की पत्ता पुसून टाकावा. ज्या पडद्याची आपण अपेक्षा करतो, तोच ग्राहक भगिनीलाही द्यायला हवा.

घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. एखादा वाईट फोन आला म्हणून काम बंद करायला सांगू नका. तो नंबर ब्लॉक करा, त्रास वाढला तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा, आणि पार्सल पोहोचवायला स्वतः जा.

अल्लाह आपल्या भगिनींच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.