बोट टेकलं की रंग भरला

दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी केलेले रंगवायचे खेळ मोबाइलवर फुकट आणि ढिगानं मिळतात. बहुतेकांची रचना सारखीच असते. पांढऱ्या पडद्यावर जाड काळ्या रेघांचा हत्ती, फुलपाखरू नाहीतर आइस्क्रीमचा कोन आणि खाली रंगांच्या टिकल्यांची ओळ. एका टिकलीवर बोट ठेवायचं, मग हत्तीच्या कानावर. कान क्षणात निळा. रंग रेघेबाहेर जात नाही, एकही कोपरा पांढरा राहत नाही आणि चित्र पुरं झालं की टाळ्या वाजतात, फुगे उडतात. या खेळांवरून घराघरांत होणारा वाद बहुधा मिनिटांचा असतो: किती वेळ द्यायचा, डोळ्यांचं काय, जेवताना चालेल का. मिनिटांचं उत्तर तज्ज्ञांनी देऊन ठेवलेलं आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, त्यापुढे शाळेत जाईपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि कमी तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. पण त्या तासात मूल करतं काय, हा प्रश्न तसाच राहतो. या खेळांत रंगवण्याचं काम मूल करत नाही, यंत्र करतं. आणि लहान वयात रंगवण्याचा जो काही उपयोग आहे तो सगळा त्या कामात आहे. म्हणून या खेळांना खुशाल करमणूक म्हणावं, पण ‘शैक्षणिक’ हा शिक्का त्यांच्यावर नको आणि खडू-कागदाच्या जागी तर ते मुळीच नकोत.

यंत्र हे करतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. बोट टेकलं त्या ठिपक्याचा रंग संगणक पाहतो, शेजारचे ठिपके तपासतो, ते त्याच रंगाचे असले तर बदलतो, मग त्यांच्या शेजारचे, असं करत काळी रेघ आडवी येईपर्यंत पसरत जातो. युक्ती जुनी आहे. १९८४ साली ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकाबरोबर बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेला मॅकपेंट हा चित्रकलेचा प्रोग्रॅम आला, त्यात रंग ओतणाऱ्या डब्याचं चिन्ह होतं. मोठ्या माणसाचे कंटाळवाणे कष्ट वाचवणं हा त्याचा हेतू, आणि तो रास्तच होता. आकाशाचा मोठा चौकोन एकसारखा रंगवण्यातून सराईत चित्रकाराला नवं काही मिळत नाही. दोन वर्षांच्या मुलाचं गणित उलटं असतं. हत्तीचा कान निळा होण्याची त्याला निकड नसते. कान निळा करण्याच्या खटाटोपासाठीच तर त्याच्या हातात खडू द्यायचा असतो, आणि हा खेळ नेमका तो खटाटोप वाचवतो.

खटाटोप म्हणजे काय ते बारकाईनं पाहायला हवं. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि हात खांद्यातून हलवतं. हळूहळू ती हालचाल कोपरात येते, मग मनगटात, आणि चार-पाच वर्षांचं होईतो अंगठा आणि दोन बोटांत उतरते. दोन वर्षांच्या सुमारास उभी रेघ, तीनच्या आसपास गोल, चारला अधिकचं चिन्ह, पाचपर्यंत चौकोन. बालरोगतज्ज्ञ वाढ तपासताना हे टप्पे विचारतात ते उगाच नाही. मेणखडू दाबला तर गडद उमटतो, हलका फिरवला तर फिका, फार दाबला तर मोडतो. कागद सरकतो म्हणून दुसऱ्या हातानं धरावा लागतो. निळ्यावर पिवळा घासला की हिरवट काहीतरी होतं. रंग रेघेबाहेर गेला तर तो तिथेच राहतो आणि त्याचं काय करायचं हे मुलाला ठरवावं लागतं. कित्येकदा त्यातूनच हत्तीला शेपटी फुटते. आपल्याकडे रांगोळीची चिमूट हाच धडा वेगळ्या रीतीनं देते, कारण पूड किती सुटेल हे बोटांच्या दाबावर ठरतं. पडद्याला दाबाशी देणंघेणं नाही. हळू टेकवा की जोरात, कान तेवढाच निळा. निवड मुलाची असते हे कबूल, आणि कोणता रंग कुठे हे ठरवणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण निवडीपुढचं सगळं गळून पडलेलं असतं.

हाताच्या कष्टांचा डोक्याशी काय संबंध, असं कोणी विचारील. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं मोकळ्या हातानं काढायला दिली, काही गिरवायला, काही कीबोर्डवर दाबायला. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा वाचनाच्या कामी येणारा भाग मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना जसा जागा झाला तसा गिरवलेल्या किंवा दाबलेल्या अक्षरांना झाला नाही. स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, थोडं वेडंवाकडं येतं, आणि त्या वेडेवाकडेपणातूनच मूल अक्षराचा गाभा ओळखायला शिकत असावं, असा त्यांचा तर्क. प्रयोगात मुलं थोडी होती आणि विषय अक्षरांचा होता, हत्तीच्या कानाचा नव्हता. त्यावर भलताच मोठा इमला उभारू नये. तरी दिशा स्पष्ट आहे, आणि ‘श’, ‘ळ’, ‘क्ष’ असली वळणं पुढ्यात वाढून ठेवलेल्या मराठी मुलांच्या पालकांनी ती ध्यानात घ्यावी.

उलट बाजूचाही पुरावा आहे, तो झाकून ठेवणं बरं नव्हे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्या मुलांनी टचस्क्रीनवर बोट सरकवायला लवकर सुरुवात केली, ती ठोकळ्यावर ठोकळा रचण्यासारखी बारीक कामंही लवकर करू लागली होती. म्हणजे पडद्यामुळे बोटं लुळी पडतात, ही ओरड या पुराव्यापुढे टिकत नाही. पण माहिती पालकांनी दिलेली होती, आणि मुळात बोटं तल्लख म्हणून मूल पडद्याकडे लवकर वळलं की पडद्यामुळे बोटं तल्लख झाली, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. शिवाय सरकवणं ही निदान हालचाल आहे; नुसतं टेकवणं त्याहूनही कमी. पुढच्याच वर्षी तैवानमधून आलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांचे दोन गट होते: एक नियमित टॅबवर खेळणारा, दुसरा हातानं करायच्या खेळांत रमणारा. बारीक हालचालींत दुसऱ्याची प्रगती अधिक झाली. यंत्रानं इजा केली असं यातून म्हणता येत नाही. हातांना जे काम मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, इतकंच दिसतं, आणि ते पुरेसं आहे.

आता त्या टाळ्या आणि फुगे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं. काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याकडे फिरकली. यावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि मनापासून दिलेली शाबासकी अशी मारक नसते हेही पुढे आलं. मग पडद्यावरच्या टाळ्या बक्षिसात धरायच्या की शाबासकीत? शाबासकी देणाऱ्यानं आधी चित्र पाहिलेलं असतं. ‘अगं, हत्ती जांभळा का गं?’ एवढं तरी तो विचारतो. यंत्र सगळ्या चित्रांना सारख्याच टाळ्या देतं, आणि त्या दर वेळी मिळणार हे मुलाला तिसऱ्या चित्रापर्यंत कळलेलं असतं. माझ्या मते हे प्रशस्तिपत्राच्या जातीचं आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. छापील रंगवही तरी काय वेगळी आहे? तिथेही हत्ती दुसऱ्यानंच काढलेला, मुलानं फक्त आत रंग भरायचा. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या मध्यावर रंगवह्यांवर कडक टीका केली होती: तयार चित्र पाहून मुलाचा स्वतःच्या चित्रावरचा विश्वास जातो. सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडी चालवणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी मुलांची लाखो चित्रं जमवली आणि मोठ्यांना निरर्थक वाटणाऱ्या रेघोट्यांतही ठरावीक आकार कसे पुन्हा पुन्हा येतात ते दाखवलं. त्यांच्या हिशेबी रेघोट्या ओढणाऱ्याला साचा लागतच नाही. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे; कोरा कागद रंगवहीपेक्षा केव्हाही बरा. पण रंगवहीत निदान हाताचं काम उरतं. रेघेपाशी थांबायचं की पलीकडे जायचं, हे मुलाच्या हातात असतं. रंगवहीनं चित्राची कल्पना काढून घेतली, टेकवण्याच्या खेळानं हातही काढून घेतला.

दोष पडद्याचा नाही, रचनेचा आहे, हे सांगायला संगणकाचाच इतिहास साक्षीला आहे. मॅकपेंट वापरताना आपल्या तीन वर्षांच्या मुलाची होणारी तारांबळ पाहून ऑरेगन विद्यापीठात शिकवणाऱ्या क्रेग हिकमन यांनी किड पिक्स हा प्रोग्रॅम लिहिला. १९८९ मध्ये त्यांनी तो फुकट वाटला आणि १९९१ पासून ब्रॉडरबंड कंपनीनं विकला. प्रत्येक हत्याराला वेगळा आवाज होता, आणि चित्र पुसायचं तर फटाका लावून उडवून देता यायचं. रंगाचा डबा त्यातही होता, पण पान कोरं होतं. त्याच वाटेवरचा टक्स पेंट बिल केंड्रिक यांनी २००२ पासून मोफत उपलब्ध केला. जाहिराती नाहीत, जुन्या संगणकावरही चालतो, आणि मराठीतूनही वापरता येतो. आपल्या किती बालवाड्यांना तो ठाऊक आहे, कोण जाणे. ज्यांना पडद्यावरच चित्र काढू द्यायचं आहे, त्यांच्यासाठी चांगली सोय वीसहून अधिक वर्षं पडून आहे.

मग बाजारात टेकवण्याच्याच खेळांची गर्दी का? चित्र जितकं लवकर संपेल तितकं पुढचं चित्र लवकर लागतं, आणि पुढच्या चित्राच्या दारात जाहिरात नाहीतर कुलूप ठेवता येतं. मेणखडूनं एक हत्ती अर्धा तास पुरतो. हा धंदा त्यावर कसा चालणार? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची १३५ ॲप तपासली, तेव्हा ९५ टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. जाहिरात आणि खेळ यांतला फरक या वयाला कळत नाही, बंद करण्याची फुली बोटाला सापडत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ‘रीकलर’ या रंगवण्याच्याच ॲपवर, तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल कारवाई केली होती. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. अंमलबजावणी किती कसोशीनं होते त्यावर या मनाईचं मोल ठरेल.

‘हे सगळं सांगणाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई असतात’, असा टोमणा यावर येईल, आणि तो खोटा नाही. दोघं नोकरीला, घर दोन खोल्यांचं, भिंती घरमालकाच्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मूल एका जागी बसलं तर हवंच असतं. त्या आईला किंवा बाबांना अपराधी ठरवण्याचा मला काहीएक अधिकार नाही. तितका वेळ पडदा दिला तर दिला. फक्त त्या वेळेची नोंद ‘आज रंगकाम झालं’ अशी होऊ नये, कारण मग खडूंचा डबा माळ्यावरच राहतो. कॅमलच्या खडूंवर वाढलेल्या पिढीचं हे स्मरणरंजन आहे, असंही कोणी म्हणेल. म्हणू द्यावं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना शिकवत होत्या तेव्हा त्यांच्यापाशी महागडी साधनं कुठे होती? बिया, पानं, शिंपले, माती असं आसपास मिळेल ते त्यांनी मुलांच्या हातात दिलं. कोळसा आणि फरशी आजही तेवढंच काम करतात, फरशी पुसताही येते.

एका ठिकाणी मात्र मी माझा आग्रह मागे घेतो. ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे किंवा स्नायूंच्या आजारामुळे खडू धरताच येत नाही, त्याच्यासाठी बोट टेकवताच निळा होणारा कान ही मोठी गोष्ट आहे. इतरांच्या बाबतीत यंत्र जे हिरावून घेतं, ते इथे पहिल्यांदाच हाती देतं. अशा मुलांसाठी थेरपिस्ट हे खेळ निवडतात तेव्हा कोणती हालचाल साधायची, किती वेळ, पुढची पायरी कोणती, याचा विचार झालेला असतो आणि शेजारी कोणीतरी बसलेलं असतं. ॲपच्या दुकानात ‘शैक्षणिक’ हा शिक्का लावणाऱ्यांनी यातलं एक तरी सांगावं: हा खेळ मुलाच्या हाताला कोणतं काम देतो?