शर्यतीचा बैल रोज औताला

चाकण, राजगुरुनगर, मंचर या पट्ट्यात ज्याच्या दावणीला शर्यतीचा खोंड आहे, त्याच्या गोठ्यात एकदा जाऊन या. दूध, अंडी, उडदाची डाळ, कणकेचे गोळे असा त्याचा खुराक असतो. अंगाला रोज मालीश होतं आणि बारीच्या दिवशी त्याला टेम्पोतून शर्यतीच्या घाटावर नेतात. घरातली माणसं या खर्चाबद्दल कुरकुरत नाहीत, कारण हा खर्च कशासाठी चालला आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या खोंडाला रोज सकाळी औताला जुंपावं, असं त्या घरात कोणाच्याही मनात येत नाही. नांगरटीला वेगळी जोडी असते, नाहीतर ट्रॅक्टर सांगतात.

त्याच चाकणला 2009 पासून मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. तिथून आणि इतर कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या तगड्या गाड्या पुण्यात रोज सकाळी हिंजवडीच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये सरकताना दिसतात. त्यातल्या बऱ्याच पाच-सहा वर्षं जुन्या, दुसऱ्या हाताच्या असतात. नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात सहा सिलिंडरची जर्मन गाडी मिळते, मग ती का घेऊ नये, हा विचार आज अनेक घरांत चालतो. मीही तो केला होता आणि तशी गाडी घेतली होती. ती अजून माझ्याकडे आहे. माझं म्हणणं एवढंच, की अशी गाडी जरूर घ्यावी, पण तिला रोजच्या ऑफिसच्या वाटेला जुंपू नये. या म्हणण्याला दोन्ही बाजूंनी विरोध होतो.

आधी नीतिवाद्यांचं बघू. त्यांच्या मते एवढी मोठी गाडी म्हणजे पैशाचा माज, आणि ‘किती देते?’ या प्रश्नाच्या उत्तरात सगळं आलं. हे मला अजिबात मान्य नाही. उत्तम यंत्रावर जीव असणं हा दुर्गुण नव्हे. कोणी सतारीवर लाख रुपये घालतो, कोणी खोंडावर, कोणी हिमालयातल्या पायवाटांवर. कष्टाच्या पैशातून, कर्ज न काढता कोणी चांगल्या इंजिनावर खर्च केला, तर त्याला बोल लावायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय ‘किती देते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. अशा गाडीच्या खर्चात पेट्रोल हा सगळ्यात प्रामाणिक भाग. तो रोज डोळ्यांसमोर होतो, फसवत नाही.

दुसऱ्या बाजूला शौकीन आहेत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ज्याला पेट्रोलचा हिशेब करावा लागतो, त्याने ही गाडी घेऊच नये. ठीक आहे, हिशेब करूनच बघू. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे वर्षाला 10,560 किलोमीटर झाले. तीन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन या गर्दीत लिटरला 6 च्या आसपास देतं आणि बाराशे सीसीची छोटी गाडी 14 च्या आसपास. पेट्रोल 104 रुपये धरलं तर मोठीला वर्षाला 1 लाख 83 हजार लागतात आणि छोटीला 78 हजार. फरक सुमारे 1 लाख 5 हजारांचा. ज्याची मिळकत चांगली आहे तो म्हणेल, एवढ्याने काय होतं? त्याचं खरं आहे, एवढ्याने कोणी बुडत नाही. माझा आक्षेप त्या लाखाच्या मोबदल्यात काय मिळतं यावर आहे.

2024 सालच्या टॉमटॉमच्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात 10 किलोमीटर कापायला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद लागतात असं निघालं. म्हणजे ताशी 18 किलोमीटर. अठराशे किलोची गाडी सपाट रस्त्यावर या वेगाने नुसती चालती ठेवायला किती ताकद लागते? जेमतेम दीड अश्वशक्ती. स्वयंपाकघरातला साडेसातशे वॅटचा मिक्सर एक अश्वशक्तीचा असतो, त्याच्या दीडपट. बॉनेटखाली मात्र साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती बसलेली असते. सहा पिस्टन, त्यांच्या रिंगा, पंप, टर्बो, एसीचा कॉम्प्रेसर या सगळ्यांचं घर्षण आणि ओढ भागवायला त्या दीड अश्वशक्तीपेक्षा जास्त इंधन खर्ची पडतं. गाडी सिग्नलला उभी असली आणि इंजिन चालू असलं, तर त्या वेळेत किलोमीटर शून्य आणि जळणारं पेट्रोल मात्र खरं.

त्यात वजन. अठराशे किलो ताशी 40 पर्यंत पळवायचे आणि पुढच्या रिक्षामागे ब्रेक मारून थांबवायचे, की प्रत्येक वेळी मोठा चमचाभर पेट्रोल ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन जातं. दर थांब्याला दीड-पावणेदोन रुपये झाले. नऊशे किलोच्या गाडीचे याच्या निम्मे. इथेनॉलचंही सांगतो. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात दर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. ही घट लहान-मोठ्या सगळ्यांनाच लागू आहे, पण जो जास्त पितो त्याला ती जास्त जाणवते.

आता पेट्रोल बाजूला ठेवू, कारण खरा घोळ किलोमीटर मोजण्यात आहे. ट्रॅक्टर घ्यायला गेलेला शेतकरी किती किलोमीटर चाललाय असं विचारत नाही, तो तास विचारतो. ट्रॅक्टरला, जेसीबीला, जनरेटरला तासांचं मीटर असतं आणि त्यांचं ऑइल तासांवर बदलतात. मोटारगाडीत आपण किलोमीटर वाचतो आणि फसतो. 15,000 किलोमीटरला ऑइल बदलायचं असं पुस्तकात लिहिलेलं असलं, तर महामार्गावर ताशी 80 ने ते 188 तासांत येतात आणि हिंजवडीच्या वाटेवर ताशी 18 ने 833 तासांत. एकाच आकड्याखाली इंजिन साडेचारपट वेळ फिरलेलं असतं, तेही पुरेशी हवा न लागता, तापत. नव्या गाड्यांचा संगणक याचा थोडाफार हिशेब करून सर्व्हिस लवकर मागतो, हे खरं. पण जुनी गाडी घेताना आपण ‘फक्त 40 हजार चालली आहे’ यावर खूश होतो. ती 40 हजार शहरातली असली, तर त्या इंजिनाने दोन हजारांहून जास्त तास काढलेले असतात.

गिअरबॉक्सचंही तेच. पुष्कळ कंपन्या सांगतात, ऑटोमॅटिकचं ऑइल आयुष्यभरासाठी भरलंय, बदलायचं काम नाही. पण यातल्या कित्येक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनी, ते बदलायला सांगते. मी झेडएफचं ऐकतो आणि रांगेत राबलेल्या गाडीचं त्याआधीच बदलावं या मताचा आहे.

शौकिनांचं दुसरं वाक्य जास्त धोक्याचं: ‘ऐंशी लाखांची गाडी तीस लाखांत मिळाली.’ याचं खंडन मला मन लावून करायचं आहे, कारण चांगली शिकलीसवरलेली माणसं इथेच फसतात. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. विमा कंपन्यांच्या कोष्टकात चार ते पाच वर्षं जुन्या गाडीचं मूल्य निम्म्यावर येतं. पण तिच्या हेडलाइटची, ब्रेक डिस्कची, सस्पेन्शनची किंमत उतरत नाही, उलट चढते. तुम्ही तीस लाख दिलेत एवढं फक्त तुम्हाला आणि विकणाऱ्याला माहीत असतं. सुट्या भागांच्या काउंटरवर ती कायम ऐंशी लाखांचीच गाडी असते. खुराक विकत घेतलेल्या भावावर ठरत नाही, जातीवर ठरतो. कोणी म्हणतं, गाड्या आता इथेच बनतात, मग भाग स्वस्त होतील. इथे बहुतेक जुळवणी होते. आतले कितीतरी भाग अजून बाहेरून येतात आणि आयात शुल्क भरूनच काउंटरवर पोचतात.

माझ्यापुरतं सांगतो. जुलैची संध्याकाळ होती, वाकडच्या पुलाखालून बाहेर पडत होतो, पाऊस धो-धो. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. धप्प असा आवाज आला आणि मीटरमध्ये टायरचा पिवळा दिवा लागला. टायर रन-फ्लॅट असल्यामुळे हळूहळू पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचलो. पोराने मोबाइलचा टॉर्च मारून टायरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “साहेब, साइडवॉलला कट आहे. ह्याचं पंक्चर निघत नसतं, टायरच टाकायला लागंल. आणि एकच नका टाकू, जोडी टाका, नाहीतर गाडी ओढंल.” रिमही वाकली होती. 19 इंची रन-फ्लॅटची जोडी आणि रिम सरळ करायची मजुरी मिळून खर्च साठ हजारांच्या वर गेला. आदल्या पावसाळ्यात बायकोच्या छोट्या गाडीचा टायर असाच खड्ड्यात गेला होता, तेव्हा 4,800 रुपये दिले होते. खड्डा दोघींना सारखाच भेटतो, आणि रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला तो पावसाळ्याचे चारही महिने भेटत राहतो.

दुसऱ्या वर्षी कूलंट गळायला लागलं. गेली होती ती हातात मावेल एवढी प्लास्टिकची नळी, उष्णतेने ठिसूळ होऊन. नळीला काही हजारच लागले, पण तिच्यापर्यंत हात पोचायला इनटेकचा अर्धा डोलारा उतरवावा लागला आणि मजुरी नळीच्या कितीतरी पट झाली. वर्कशॉपवाल्याने लबाडी केली नाही. इंजिनाची बांधणीच अशी ठासून भरलेली असते.

विम्यात यातलं काय निघतं? टायर-ट्यूब, बॅटरी, रबर, प्लास्टिक यांवर साध्या विम्यात 50 टक्के घसारा कापतात. आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचा असतो, आणि गर्दीत दुचाकीच्या हँडलने पहिला ओरखडा त्यालाच येतो. घसारा न कापणारी पॉलिसी नव्या गाडीला सहज मिळते, पण साधारण पाच वर्षांनंतर विमा कंपन्या हात आखडता घेतात. म्हणजे दुसऱ्या हाताच्या मालकाला जेव्हा तिची गरज असते नेमकं तेव्हाच.

आरामाचा मुद्दा मी मात्र हलक्याने घेणार नाही. रोज सव्वादोन तास गर्दीत काढणाऱ्या माणसाला शांत केबिन आणि पाठीला आधार देणारी सीट हवीच. माझी स्वतःची पाठ दुखते, त्यामुळे हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पण तो आराम तपासून बघा. ताशी 18 वर इंजिनाची ताकद पाठीला काही देत नाही. आराम असतो तो सीटमध्ये, क्लच नसण्यात आणि एसीत, आणि हे तिन्ही आज साध्या ऑटोमॅटिक गाडीतही चांगले मिळतात. उलट तगड्या गाडीचे पातळ कडेचे टायर खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचवतात. शिवाय जिथे मेट्रो पोचली आहे तिथे या सव्वादोन तासांचा मोठा भाग स्टिअरिंगशिवाय, पुस्तक वाचत जाऊ शकतो, आणि तो आराम कुठल्याच सीटला देता येणार नाही.

‘उभी राहिली की सडते’ असंही म्हणतात. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली गाडी खराब होते, बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, हे कबूल. पण त्यावर उपाय आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यावर नीट गरम करून चालवणं हा आहे. रोज रांगेत उभी करणं हा काही उपाय नव्हे.

एक अपवाद सांगायलाच हवा. गाडी विजेची असली तर माझा निम्मा युक्तिवाद लागू होत नाही. थांबलेली मोटर काही खात नाही आणि ब्रेक मारताना बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत जाते. टायर, बंपर आणि सुट्या भागांची किंमत मात्र तिथेही तशीच राहते.

मग करायचं काय? दोन गाड्या. हे ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे खर्च दुप्पट. तो होत नाही, कारण मोठी गाडी तुमच्याकडे आहेच, तिचा विमा तुम्ही भरताच आहात. पाच-सहा लाखांची वापरलेली छोटी ऑटोमॅटिक घेतली तर वर्षाला इंधनात वाचलेल्या लाखामधून पाच वर्षांत तिची किंमत जवळजवळ निघते. तिच्या विम्याचे आणि सर्व्हिसिंगचे पैसे मोठीच्या वाचलेल्या टायरांमधून आणि ब्रेकमधून येतात. दुसरी गाडी लावायला जागा नसेल तर बस, मेट्रो, सहकाऱ्याबरोबर वाटून घेतलेली कॅब. आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, रोजची 40 किलोमीटर आणि शनिवारची सहल एकाच गाडीत बसवायची असेल, तर ती गाडी तीन लिटरची नसावी. हे मी दुखावण्यासाठी म्हणत नाही. दोन-तीन वर्षांत मोठ्या बिलांना कंटाळून, सर्व्हिस पुढे ढकलत, शेवटी मातीमोल भावात विकलेल्या अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. तिच्यावर जीव असलेल्या मालकाच्याच हातून तिची अशी हेळसांड होते, आणि ती मला पेट्रोलच्या खर्चापेक्षा जास्त लागते.

मी आता बायकोच्या छोट्या गाडीने ऑफिसला जातो, आणि ज्या दिवशी ती तिला हवी असते त्या दिवशी बसने. मोठी शनिवारी बाहेर निघते. गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला निघालो, कात्रजचा बोगदा मागे टाकला, शिरवळ आलं. खंबाटकीच्या चढावर दोन ट्रकच्या पुढे निघायला पाय थोडासाच दाबला आणि त्या सहा सिलिंडरांचा आवाज एकसंध, खालच्या पट्टीत भरून आला. सुरूरला चहा घेतला आणि परत फिरलो. घरी आल्यावर टाकी भरून नेहमीप्रमाणे वहीत सरासरी लिहिली: 13.2. त्याच वहीत, चार वर्षांपूर्वीच्या पानावर, हिंजवडीला रोज नेत होतो त्या एका आठवड्याची सरासरी आहे: 5.8.