बघून नका येऊ, विचारून या

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की मुलांच्या वहीत शाळेची सूचना येते : राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली २८ फेब्रुवारीला सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाविषयीचा आपला प्रसिद्ध शोध लावला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. एरवी ज्या संशोधन संस्थांच्या फाटकाशी आपलं काही काम पडत नाही, त्या या सुमारास सर्वसामान्यांसाठी दारं उघडतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत वळलं की खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पालकांना माझं सांगणं एवढंच, की मुलांना घेऊन जरूर जा, पण जत्रेला गेल्यासारखे जाऊ नका.

होतं काय, की आपण सकाळी निघतो, रांगेत उभे राहतो आणि आत गेल्यावर पन्नास टेबलं तासाभरात उरकतो. प्रत्येक ठिकाणी मुलाला पुढे ढकलून फोटो काढतो. संध्याकाळी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. मुलाला विचारलं, ‘काय पाहिलंस?’ तर ते म्हणतं, ‘खूप काही.’

त्यापेक्षा दोनच गोष्टी बघा, पण मुलाचं समाधान होईपर्यंत बघा.

खोडदचंच घ्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत तीस अँटेना आहेत आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर आहे. हे आकडे फलकावर असतात, ते पाठ करून घेण्यात काही हशील नाही. त्याऐवजी मुलाला अँटेनाच्या तबकडीकडे नीट बघायला सांगा. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं, कारण ती पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची आहे. आता प्रश्न त्यालाच पडू द्या : एवढी भोकं असताना आकाशातून आलेले संदेश गळून कसे जात नाहीत?

उत्तर तिथले शास्त्रज्ञ आनंदाने देतात. या दुर्बिणीला हव्या असलेल्या रेडिओ लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरच्या पुढेपर्यंत असते. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरचीच. लहरीच्या मानाने भोक इतकं लहान, की तिला ही जाळी सलग आरशासारखीच असते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे तबकडीवर त्याचा जोर कमी पडतो, सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. एका जाळीपाशी दहा मिनिटं थांबलं तर भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि काटकसर असं तिन्ही हाती लागतं. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, त्याचंही कारण मुलालाच विचारू द्या. दूरच्या आकाशगंगेतून येणारी लहर इतकी क्षीण असते, की आपल्या खिशातला फोन तिच्यापुढे गोंगाट ठरतो.

अशा ठिकाणी तीन पथ्यं पाळा. मुलाचा प्रश्न तुम्ही विचारू नका. तो अडखळला तरी त्यालाच विचारू द्या. उत्तर तुम्हाला आलं नाही तर ‘मला ठाऊक नाही, चल विचारू’ असं मोकळेपणाने म्हणा. ‘आम्ही आर्ट्सवाले, आम्हाला काय कळणार’ ही सबब नको. आणि टेबलामागे एखादी शाळकरी मुलगी आपला प्रयोग समजावत असेल, तर तिचं बोलणं पुरतं ऐका. पाठ केलेलं संपल्यावर ‘हे असं नसतं केलं तर काय झालं असतं?’ एवढं विचारा. ती बहुधा थबकेल, मग स्वतः विचार करून बोलेल.

एक दिवस मात्र पुरत नाही. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र आणि पणजीजवळ मिरामारचं विज्ञान केंद्र वर्षभर चालतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून हेच काम करते आहे. आकाशदर्शनासाठी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबई-ठाण्याकडे खगोल मंडळ आहे. निघण्यापूर्वी तारीख, वेळ आणि नावनोंदणी संस्थेकडे विचारून घ्या. तिथे पोहोचून हिरमोड व्हायला नको.

आणि ज्यांना प्रवास जमत नाही, त्यांच्यासाठी सूर्य दारात आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच नाहीशी होते. दुसऱ्या वेळी, जुलै-ऑगस्टात, बहुतेकदा ढग आड येतात; म्हणून मे महिना गाठायचा. पणजीला हा दिवस मेच्या सुरुवातीला येतो, पुण्या-मुंबईला महिन्याच्या मध्याला आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात. गच्चीत किंवा अंगणात सपाट जागी एक नळीचा तुकडा ओळंब्याने सरळ उभा करा. आधीचे चार-पाच दिवस दुपारी सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपून ठेवा. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही. आपलं काम सावलीशी. नागपूरची मावसबहीण आणि पणजीचा आतेभाऊ यांनाही हेच करायला सांगा; नागपूरला मध्यान्ह लवकर होते, म्हणून तिथे बारा वाजल्यापासूनच सुरुवात करायची. तारखा वेगवेगळ्या का आल्या, याचा शोध मुलांनी फोनवर आपापसात घेतला तर पृथ्वीचा कललेला अक्ष त्यांना पुस्तकाशिवाय समजेल.

याला तिकीट लागत नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. लागतो तो तुमचा अर्धा तास. तेवढा यंदा मुलांना द्या, आणि त्या अर्ध्या तासात त्यांना उत्तरं सांगायची घाई करू नका.