बॅकअप आहे ना? मग सर्व्हर विका!

आमच्या धंद्यात बॅकअप घेतला की काम संपलं, असं फक्त मॅनेजरला वाटतं. तो रिस्टोअर कुठे करायचा, हा प्रश्न ज्याला रात्री दोनला फोन येतो त्याला पडतो. निसर्ग वाचवायच्या गप्पांत मात्र आपण सगळेच मॅनेजर होतो. "प्राणीसंग्रहालयात पैदास चालू आहे ना? मग त्या डबक्यासाठी एवढी जमीन कशाला अडवायची?" चांगली शिकलेली माणसं हे विचारतात. त्यांच्यासाठी एका कासवाची गोष्ट.

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हे दलदलीतलं कासव जेमतेम वीतभर लांब. एकोणिसाव्या शतकात पकडलेला एक नमुना व्हिएन्नाच्या संग्रहालयात पोचला, १९०१ मध्ये त्याला नाव मिळालं आणि नंतर १९५३ पर्यंत सगळे त्याला विसरले. त्या वर्षी पर्थजवळ एका शाळकरी मुलाला एक सापडलं, तेव्हा कळलं की हे अजून आहे! १९६२ मध्ये एलन ब्रुक आणि ट्विन स्वॅम्प्स या दोन छोट्या दलदली राखीव झाल्या. आजूबाजूची बाकी चिकणमातीची जमीन शेती, विटा आणि घरांसाठी गेली.

१९८० च्या दशकात जंगलात पन्नासही कासवं उरली नव्हती. गेराल्ड कुख्लिंग या शास्त्रज्ञाने पर्थच्या प्राणीसंग्रहालयात पैदास यशस्वी केली, कोल्ह्यांना अडवायला कुंपणं घातली गेली आणि पुढे शेकडो पिल्लं सोडली गेली. हे काम थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण पैदास करायला मुळात कासवं होती कुठून? १९६२ मध्ये कोणीतरी ती "डबकी" अडवून धरली होती म्हणून! तेव्हा जमीन विकली असती तर पंचवीस वर्षांनी प्रयोगशाळेत नेण्यासारखं काही उरलंच नसतं.

दुसरं म्हणजे या प्राण्याचा वेग. मादी वर्षाला तीन ते पाच अंडी घालते आणि वयात यायला दहा ते पंधरा वर्षं घेते. हिवाळ्यात दलदल भरली की पोहायचं, खायचं, वाढायचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की बिळात किंवा पालापाचोळ्याखाली झोपून काढायचं. पाणी लवकर आटलं की पिल्लाची वाढ अर्धवट राहते आणि ते उन्हाळा काढू शकत नाही. ही दलदल म्हणजे त्याचं वेळापत्रकच आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा. तिथला हिवाळी पाऊस १९७० पासून कमी होत चाललाय, ट्विन स्वॅम्प्समध्ये कोरड्या वर्षी बोअरचं पाणी सोडावं लागतं. मग मरणारी जागा धरून कशाला बसायचं? हलवा की! तर २०१६ मध्ये तेही सुरू झालं. पैदास केलेली लहान कासवं चाचणी म्हणून शेकडो किलोमीटर दक्षिणेला, ऑगस्टाच्या बाजूला सोडली. पण गंमत बघा, ती सोडली कुठे? दलदलीतच! म्हणजे कासव हलवायचं म्हटलं तरी कोणीतरी न विकलेली दलदल लागतेच. प्रत्येक जण "दुसरीकडे हलवा" म्हणाला तर ते "दुसरीकडे" येणार कुठून?

शिवाय आज इतकं करूनही ही जात अतिसंकटग्रस्त यादीतच आहे. बॅकअप चालू आहे, सिस्टीम अजून आयसीयूत आहे.

आपल्याकडेही झाडं तोडली की "दुसरीकडे लावू", पाणथळ बुजवली की "पर्यायी जागा देऊ" हे ठरलेलं वाक्य असतं. पुढच्या वेळी ऐकलंत तर मान डोलवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ती जागा कुठे आहे? तिथे पाणी कुठून येणार? आणि जुनी जागा बुजवण्याआधी ती चालते हे कोणी तपासलंय का? आपण टेस्टिंगशिवाय साधा पॅच चढवू देत नाही, मग इथेच एवढा विश्वास का?