माझं छप्पर आणि दुसऱ्याचं बिल

पुण्याहून मामांचा फोन आला की हल्ली एक प्रश्न ठरलेला. "गच्चीवर सोलर बसवू का रे?" 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली तेव्हापासून तर फारच. भाचा इंजिनिअर, त्यातून कॅलिफोर्नियात, म्हणजे त्याला ठाऊक असणारच!

माझ्या घरावर 2017 पासून पॅनेल आहेत. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, रात्री परत घ्यायची, आणि दोन्हीचा दर जवळजवळ सारखाच. मजा आहे. पण युनिटच्या दरात नुसती वीज नसते हो. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, वणवा लागू नये म्हणून तारांजवळची झाडं छाटायचा खर्च... सगळं त्यातच. माझं बिल शून्यावर आलं म्हणून हा खर्च संपत नाही, तो इतरांच्या युनिटवर चढतो.

मागे गणपतीला आम्ही चारपाच घरमालक आयोगाच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. कोपऱ्यातला एक नवा मुलगा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, म्हणाला, "काका, म्हणजे तुमच्या खांबाचे पैसे मी भरतोय?" कुणी काही बोललं नाही. कुणीतरी मोदक पुढे केले.

तर आयोगाने काय केलं? 15 डिसेंबर 2022 ला 5 विरुद्ध 0 मतांनी ठरवलं की एप्रिल 2023 च्या मध्यापासून नवीन अर्जदारांना ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे साधारण तीनचतुर्थांशाने कमी मिळतील. आमच्यासारख्या जुन्यांना मात्र 20 वर्षं अभय! मग मे 2024 मध्ये महिना 24.15 डॉलर स्थिर आकार मंजूर झाला, कमी उत्पन्नवाल्यांना 6 किंवा 12, आणि त्याबदल्यात युनिटमागे 5 ते 7 सेंट कमी.

माझ्या खिशाला न आवडणारं मत सांगतो. दिशा बरोबर होती. कुणाच्या सवलतीचा भार कुणावर पडतो हे पाहणं आयोगाचं कामच आहे. आपल्याकडे उद्योगांनी जास्त भरायचं आणि शेतीपंपांनी कमी, हे आयोगाच्या दर-आदेशात उघड छापलेलं तरी असतं. इथे ते गुपचूप होत होतं.

पण हिशेब अर्धाच झाला. एकदम कात्री लावल्यावर पॅनेल बसवणाऱ्या छोट्या कंपन्यांची कामं आटली, माणसं घरी बसली. तो आर्थिक परिणाम नव्हे का? आणि वीज कंपन्यांना भांडवली खर्चावर भागधारकांसाठी सुमारे 10 टक्के परतावा मंजूर होतो, म्हणजे जितके जास्त खांब तितका जास्त नफा. ग्राहकांची छपरं ज्या भिंगाखाली तपासली, तेच भिंग या खर्चावरही धरायला हवं होतं.

मामांना म्हटलं, बसवा, पण आजचा नियम वीस वर्षं राहील असं धरू नका. ते म्हणाले, "म्हणजे बसवू ना?"