मैदान कोणाचे?

अहमदाबादेत १ लाख ३२ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले, २०२१ मध्ये त्याला पंतप्रधान मोदींचे नाव देण्यात आले आणि क्रीडाक्षेत्रातील प्रगतीचा डंका पिटला गेला. पण त्या गर्दीतील किती तरुणांना आपल्या वस्तीत धावण्यापुरती तरी जागा आहे? मूठभरांना खेळाडू आणि कोट्यवधींना प्रेक्षक बनविणे, हेच भांडवली क्रीडानीतीचे सार होय.

५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच २०१९ च्या अहवालानुसार जगातील ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चौघांना ती पुरेशी मिळत नाही. मुलींची स्थिती अधिकच वाईट आहे. यावर सत्ताधाऱ्यांचा उपदेश काय? मुलांना शिस्त लावा! जमीन हिरावून घ्यायची आणि दोष मात्र मुलांना द्यायचा!

ही हिरावणूक मुंबईच्या गिरणगावाने अनुभवली आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना व सार्वजनिक घरबांधणीला मिळावयाचा होता. २००१ मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती आणली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. कामगारांची मुले जेथे कबड्डीचा दम घुमवीत, तेथे आज मॉल आणि टॉवर उभे आहेत.

आपल्यातीलही काही साथी म्हणतात, "आधी भाकरी, मग चेंडू." ही भूमिका चुकीची आहे. आठ तासांच्या कामाची मागणी करताना कामगारवर्गाने उरलेल्या वेळेवरही आपला हक्क सांगितला होता. निरोगी शरीर व मोकळा वेळ ही चैन नव्हे. तोही वर्गलढ्याचाच प्रश्न आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी मैदान नमूद आहे. त्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. सरकारी शाळांची मैदाने सायंकाळी वस्तीसाठी खुली करा. विकास आराखड्यातील मैदानांची आरक्षणे उठवू नका. सार्वजनिक मैदाने खाजगी क्लबांच्या घशात घालू नका. मुलींसाठी दिवे, स्वच्छतागृहे व प्रशिक्षिका द्या.

युवक, विद्यार्थी, महिला व कामगार संघटनांनी आपापल्या प्रभागातील आरक्षित भूखंडांची यादी मिळवावी, त्यांवरील अतिक्रमणे जनतेसमोर मांडावीत आणि हा प्रश्न मोर्चापर्यंत न्यावा. मागितल्याने मैदान मिळत नाही. ते संघटित शक्तीने घ्यावे लागते!